सिद्धेश सरांचा हातगुण

या, असे पुढे सरका. चपलांपाशी बसणाऱ्याला कीर्तन अर्धंच मिळतं, आणि गोष्ट तर त्याहून कमी. मांडी घाला, फोन उलटा ठेवा. आज एका हाताची गोष्ट सांगते. ऐकता ऐकता तुम्हाला राग येईल, तो येऊ द्या. आमचे बुवा म्हणतात, देवाच्या दारी राग घेऊन यायला मनाई नाही, खोटं घेऊन यायला आहे.

तर रखमाबाई सिद्धेश सरांच्या केबिनच्या दारात उभ्या होत्या. गुडघ्यापर्यंत आवळून नेसलेलं लुगडं, पदराचा शेव कानाला दाबलेला, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. मागे त्यांची नातसून अक्षदा फाइल छातीशी धरून. आणि शेजारी मी. ठाण्याच्या त्या रुग्णालयात रेडिएशनच्या मशीनवर पेशंटला झोपवायचं काम माझं. नुकताच रखमाबाईंच्या चेहऱ्याचा मास्क करून झाला होता. गरम पाण्यात मऊ केलेली प्लॅस्टिकची जाळी तोंडावर दाबून बसवतात, ती चेहऱ्याच्या आकाराची होऊन घट्ट होते. रोज शेक देताना मान तसूभर हलू नये म्हणून. जाळीचे चौकोन अजून बाईंच्या गालावर उमटलेले होते.

"सायब, माना मशिनीचा पलान नको," रखमाबाई आपल्या गावठाणी बोलीत म्हणाल्या. "तुमी हातानं करून द्या."

अक्षदा ओशाळली. "आजी, अगं तसं नसतं ते. सगळं कॉम्प्युटरवरच असतं. सॉरी हं सर."

"तू गप ऱ्हा गो. मशिनीची भाकर नि हातची भाकर एक असते का? मशिनीची कातड्यासारखी लागते. बालकुमात कोनालाबी इचार."

सिद्धेश सरांनी चष्मा वर केला. त्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी पुष्कळ वेळा पाहिलं होतं. पालखी दाराशी आली की यजमान जसा घाईघाईने खांद्यावर उपरणं टाकतो ना, तसं.

"आजी," सर म्हणाले, "मी बसलोय ना इथे."

"माना परत भाकर खाता येल ना, सायब? तेवढं सांगा. मरन नाय इचारत मी. भाकर इचारतंय."

"माझ्या हातचा प्लॅन आहे म्हटल्यावर काळजी सोडा."

बाईंनी भाकऱ्यांचं फडकं टेबलावर ठेवलं, वाकून सरांच्या पायांना हात लावायला गेल्या. सर "अहो, अहो" म्हणाले. पाय मात्र मागे घेतले नाहीत.

आता प्लॅन म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं अडणार नाही. शेक द्यायचा म्हणजे माणसाला शेगडीपुढे बसवायचं नसतं. गाठ कुठे आहे ते डॉक्टर स्कॅनवर आखून देतात. मग कुठल्या बाजूने किती किरण सोडायचे, गाठ पुरती भाजायची आणि तिच्या आजूबाजूचं सगळं वाचवायचं, याची आखणी करायची. तो प्लॅन. आणि तो करणारे आमचे मुख्य फिजिसिस्ट म्हणजे सिद्धेश सर. डोक्यामानेत हे काम सगळ्यांत किचकट, कारण तळहाताएवढ्या जागेत देवाने सगळा संसार मांडून ठेवलाय. गिळायची नळी, आवाज, पाठीचा कणा, आणि दोन्ही कानांखाली लाळेच्या ग्रंथी. ज्या बाजूला गाठ, तिकडची ग्रंथी बहुधा जातेच. दुसऱ्या बाजूची वाचवली तर माणूस पुढे चावून खातो. नाही वाचली तर उरलेलं आयुष्य घोट घोट पाण्यावर काढतो.

रखमाबाईंची गाठ उजवीकडे, घशाच्या तोंडाशी होती. न्हाण आल्यापासून लावलेल्या तंबाखूच्या मिश्रीची देणगी. घर बाळकुमच्या जुन्या गावठाणात. शेतं गेली, त्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, आणि टॉवरवाल्यांना रविवारी मटणाबरोबर तांदळाची भाकरी लागते. ती रखमाबाईंच्या हातची. पाण्याचा हात घेऊन थापायची, तव्यावर टाकायची, फुगली की उतरवायची, आयुष्यभर एवढंच केलं. सणवार नाही, तक्रार नाही. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं तेवढंच होतं, आणि त्यांनाही तेवढंच पुरेसं होतं.

सिद्धेश सरांबद्दल मात्र सांगण्यासारखं पुष्कळ होतं, आणि ते सगळं सर स्वतःच सांगत.

खोटं बोलत नाही, सरांचा हात एके काळी खरंच चांगला होता. जुन्या दिवसांत एकेका मानेच्या प्लॅनला ते दिवसचे दिवस बसत, चहा थंड व्हायचा, जेवणाचा डबा तसाच परत जायचा. मृत्यूच्या दारातून परत आलेली माणसं पेढे घेऊन यायची. "सरांच्या हाताला गुण आहे," असं कल्याणपर्यंत बोललं जायचं. आपल्या लोकांना ते फार लागतं. औषध कुठलं ते विचारणार नाहीत, हात कुणाचा ते विचारतील. मीही त्यांतलीच. माझ्या मुलीच्या वेळी मीसुद्धा हातगुण असलेली सुईण-डॉक्टर शोधली होती.

पण गुण हातात मुक्कामाला असतो, मालकीने नसतो. हे सरांना कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ते सांगणाऱ्यालाच केबिनबाहेर बसवलं असतं.

मग आपोआप प्लॅन करणारं सॉफ्टवेअर आलं. हजारो जुने चांगले प्लॅन बघून शिकलेलं. सर ज्याला आठवडा घेत ते चहा निवायच्या आत करून ठेवी. माणसाने नुसतं तपासायचं. कधी ते वेडगळपणाही करायचं. एकदा मानेत जुनी लोखंडी पट्टी असलेल्या माणसाचा प्लॅन त्याने असा काही केला की बघवेना, आणि सरांनीच तो रात्रंदिवस बसून सरळ केला. तेव्हा मी मनातल्या मनात सरांना नमस्कार केला होता. जिथे हात लागतो तिथे लागतोच.

पण पट्टीवाला माणूस रोज येत नाही. उरलेले दिवस सर नुसते बघत बसायचे. पेढे थांबले. मशीनला कोण पेढे देतो? "हे म्हणजे गिरणीत दुसऱ्याचं दळण राखत बसणं झालं, रचनाताई," मला एकदा म्हणाले. मी म्हटलं, "पीठ बारीक येतंय ना सर? मग झालं." त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस.

त्यातून त्यांनी एक तोड काढली. जे ओळखीने येत, पाया पडत, "सर, तुमचा हात लागू द्या" म्हणत, त्यांच्यासाठी ते मशीनचा प्लॅन उघडायचे आणि त्यावर 'हात फिरवायचे'. हा त्यांचाच शब्द. काही बिघडलेलं असायचं म्हणून नव्हे. हात फिरवल्याशिवाय तो त्यांचा होत नसे म्हणून. बहुतेकदा इकडचं थोडं तिकडे व्हायचं, नुकसान काही नाही. देवळात समई नीट जळत असताना येणारा-जाणारा उगीच वात पुढे सारतो, तसं.

मला आमच्या डोंबिवलीच्या देवळातला एक प्रसंग आठवायचा. बुवांचं कीर्तन रंगलेलं, आणि पेटीवाला नवा, हौशी. बुवांनी सूर लावला की हा त्यावर चढ्या सुरात बोटं नाचवणार. बुवांनी चिपळ्या थांबवल्या आणि हसून म्हणाले, "अहो महाराज, देवाला तुमची पेटी ऐकू येते. आता लोकांना देव ऐकू येऊ द्या." सगळी सभा हसली. पेटीवाला लाजला आणि सुधारला, कारण तो साधा माणूस होता, रेल्वेत गार्ड होता. त्याला कुणी आयुष्यात पेढे दिले नव्हते.

रखमाबाईंच्या मास्कवरच्या खुणांचं विचारायला मी प्लॅनिंगच्या खोलीत गेले, तेव्हा सर आणि मृणाल दोघं स्क्रीनपुढे होते. मृणाल म्हणजे त्यांच्या हाताखालची फिजिसिस्ट, कल्याणची, कामाला चोख आणि तोंडाने फटकळ. स्क्रीनवर मानेचे काप, आणि त्यांवर रंग. लाल म्हणजे भरपूर मारा, हिरवा म्हणजे मधला, निळा म्हणजे नावापुरता.

"सर, हे बघा ना," मृणाल म्हणत होती. "मशीनने डावी ग्रंथी काय सुंदर वाचवलीय. पूर्ण निळी. मी चेक केलाय, गाठीवर डोस पुरता आहे, कणा सेफ आहे. मी डॉक्टरांना पाठवतेय."

"थांब. आजींना मी शब्द दिलाय."

"शब्द काय दिलाय, बरं करायचा ना? मग हाच बरा आहे."

सरांनी माउस हातात घेतला. "हा लाल रंग बघ कसा आहे. कडेला फाटल्यासारखा. मी करायचो ते प्लॅन आठव. गाठीभोवती कसा गोल, भरीव, रांगोळीसारखा लाल."

"सर, रांगोळी कोण बघणार आहे आत?"

"मी बघतो," सर म्हणाले.

आणि त्यांनी हात फिरवला. डावीकडून येणारे किरण वाढवले. लाल रंग हळूहळू गोल झाला, भरला, खरंच सुबक दिसायला लागला. आणि तिकडे डाव्या कानाखालचं निळं होतं ते हिरवट झालं. मला प्लॅनमधलं सगळं कळत नाही. पण जन्मभर ते रंग बघितलेत. मी काही बोलणार तेवढ्यात मृणालच उसळली.

"सर, ग्रंथी गेली!"

"गेली कुठे? लिमिटच्या आत आहे. वाच आकडा."

"आत आहे, पण काठावर आहे. आधी कितीतरी खाली होती!"

"लिमिट कशाला असते मग? आत आहे म्हणजे आत आहे. कोण बोट ठेवणार आहे?"

"सर, आधीचा प्लॅन चांगला होता. तुम्हालाही दिसतंय."

सर खुर्चीत मागे टेकले. त्यांनी जे उत्तर दिलं ते मी देवाची शपथ घेऊन सांगते, शब्द न शब्द तसंच आहे.

"चांगला आहे, मान्य. पण तो माझा नाही."

मृणाल तडक मोठ्या डॉक्टरांकडे गेली, मी तिच्या मागोमाग. मोठे डॉक्टर एका हाताने ॲप्रन काढत होते, त्यांना दुसऱ्या हॉस्पिटलला पोचायचं होतं. "सिद्धेशने केलाय ना? लिमिटमध्ये आहे ना? मग काय प्रॉब्लेम आहे मृणाल? इगो बाजूला ठेवायला शिक जरा." इगो तिने बाजूला ठेवायचा! असं म्हणून त्यांनी सही केली आणि गेले. आपल्याकडे मोठेपण असं असतं. धावत असतं, आणि धावता धावता दुसऱ्याला शिकवतं.

मशीनचा प्लॅन कॉम्प्युटरच्या एका कोपऱ्यात पडून राहिला. शेक सरांच्या प्लॅनने सुरू झाला.

त्याच दिवसांत दिवा गावाहून रत्नदीप यायचा. पार्सल पोचवायचं काम करायचा, गुटख्याने तोंड गेलेलं. गाठ तशीच, त्याच जागी, फक्त डावीकडे. त्याला कुणाच्या पाया पडायला वेळ नव्हता. घरी पाण्याचा टँकर आला की धावत जायचं असायचं. "ताई, आपला प्लॅन मशीनने काढला म्हणे. मस्त ना, मशीन सुट्टी घेत नाही," तो मास्क बसवताना म्हणायचा. रखमाबाई त्याला बाकावरून दटावायच्या, "हसतंस काय मेल्या? जाऊन सायबाला सांग, हात फिरवा म्हनून."

"आजी, सर आमच्यासारख्यांसाठी हात फिरवत नाहीत, फक्त पाया पडणाऱ्यांसाठी फिरवतात."

"जीभ झडंल तुजी."

"ती तर झडायलाच आलोय इथे!"

दोघं हसायचे. पुढे पुढे हसणंही बंद झालं. तोंडं सोलपटून निघाली, दोघांनाही नाकातल्या नळीने पेज गेली. ते सगळ्यांनाच होतं, त्यात सरांचा दोष नाही. दोष नंतर कळायचा होता, सगळं भरून आल्यावर.

सगळं भरून आलं. दोघंही बरे झाले. गाठ दोघांचीही गेली, स्कॅन स्वच्छ. देवाची कृपा, किरणांची कृपा, कुणाचीही म्हणा. रत्नदीप तपासणीला आला तेव्हा खिशात चणे होते, तो मला देऊन स्वतः चावत बसला. आणि रखमाबाई आल्या त्या हातात पाण्याची बाटली घेऊन. एक शब्द बोलायच्या, एक घोट घ्यायच्या. ओठ कडेला चिकटायचे. जीभ आत सुकलेल्या चिंचेसारखी.

"भाकर खाता का आजी?" मी विचारलं.

"भाकर?" त्या म्हणाल्या. "तोंडात टाकली की रेती व्हते गो. कालवनात भिजवून बघितली, तरी रेती. थापतंय मी रोज. तवा तापतो, वास येतो. खात नाय." मग घोट घेऊन म्हणाल्या, "सायबांनी हातानं केला म्हनून जीव तरी वाचला. नायतर मशिनीनं माना मारलाच असता."

मृणाल तिथेच होती. तिचा चेहरा लाल झाला. नंतर मला म्हणाली, "ताई, एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही. बॉडी वेगळी, वय वेगळं. रत्नदीप तरुण आहे. कदाचित मशीनच्या प्लॅननेही आजींना असंच झालं असतं."

"खरंच असं वाटतं तुला?"

"नाही," ती म्हणाली. "पण 'कदाचित' सरांच्या बाजूला आहे, तेवढं त्यांना पुरतं."

मग तो मेळावा झाला. तोंडा-घशाच्या कॅन्सरमधून बरे झालेल्यांचा. हॉस्पिटलच्या हॉलमध्ये फुगे, बॅनर, समोर खुर्च्या, बाजूला जेवणाची टेबलं. हेही ऐका, ज्यांची तोंडं भाजून निघाली त्यांच्या सोहळ्याला जेवणात मसाल्याचा पुलाव, पापड आणि बेसनाचे लाडू. आमच्या कमिटीची अक्कल म्हणजे उन्हाळ्यात घोंगडी वाटणाऱ्या शेठसारखी.

सिद्धेश सरांचं भाषण होतं. विषय, मशीन आणि माणूस. "मशीनला बुद्धी असेल," सर माइक जवळ ओढून म्हणाले, "पण मशीनला हृदय नसतं." टाळ्या. खरं आहे, मशीनला हृदय नसतं. पण मशीनला मिरवायचंही नसतं, शाल नको असते, आणि फोटोत मधोमध उभं राहायचं नसतं. मी कीर्तनात वाढलेली बाई आहे. माइकपुढे उभा राहिलेला माणूस देवाकडे बोट दाखवतोय की स्वतःकडे, ते मला त्याच्या खांद्यावरून कळतं.

"आज आपल्यात अशा एक आजी आहेत," सर म्हणाले, "ज्यांनी मला हट्टाने सांगितलं, सर, मला मशीनचा प्लॅन नको. या आजी, वर या."

रखमाबाई उठल्या. बाटली खुर्चीवरच राहिली. अक्षदाने त्यांना पायऱ्यांपर्यंत सोडलं. नवं लुगडं नेसल्या होत्या, केसांत अबोली होती. स्टेजवर सरांपुढे त्यांनी हात जोडले, आणि माइक तोंडाशी आला तेव्हा कोरड्या तोंडाने जेवढं बोलवलं तेवढं बोलल्या.

"सायबांच्या हाताला गुन हाय."

हॉल टाळ्यांनी दुमदुमला. सरांनी मान खाली घातली, विनयाने. मग त्यांनी ताटातला एक बेसनाचा लाडू उचलला आणि फोटोवाल्याकडे तोंड करून म्हणाले, "आजी, तोंड गोड करा. माझ्या हातून."

बाईंनी लाडूकडे पाहिलं. एकदा माझ्याकडे पाहिलं. पण देणारा देवासारखा उभा, पुढे शेकडो माणसं, आणि दिलेला घास नाकारायची त्यांची रीत नव्हती. त्यांनी तोंड उघडलं. सरांनी लाडू भरवला. अर्धा नव्हे, अख्खा. फोटोसाठी.

बेसनाचा लाडू. ज्याच्या तोंडात थेंब नाही त्याच्या तोंडात. बाई उभ्या होत्या. जबडा हलत नव्हता. थुंकता येईना, गिळता येईना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. फोटोवाला म्हणाला, "वा, आजी भारावल्या!" आणि सरांनी त्यांच्या पाठीवर थोपटलं.

मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले तोवर मृणालने त्यांना हाताला धरून खाली आणलं होतं. हॉलच्या मागच्या व्हरांड्यात नेऊन बसवलं. तिथे बाईंनी ओंजळीत सगळं काढलं, चुळा भरल्या, दम घेतला. पहिलं वाक्य काय बोलल्या असतील?

"सायबांचा हात गोडच हाय गो. माजंच तोंड मेलं."

मृणालचा बांध तिथे फुटला. ती त्यांच्यापुढे उकिडवी बसली. "आजी, ऐका. तुमचं तोंड मेलं नाही. मशीनने तुमचा जो प्लॅन केला होता, त्यात तुमची लाळ वाचत होती. बरीचशी. सरांनी तो बदलला. बदलायची गरज नव्हती. मी तेव्हा सांगितलं होतं, माझं कुणी ऐकलं नाही."

रखमाबाईंनी तांब्या खाली ठेवला. आत हॉलमध्ये कुणीतरी पुढचं भाषण करत होतं.

"मशिनीनं केलेला चांगला व्हता?"

"हो आजी."

"नक्की?"

"माझ्या मते नक्की."

"मंग त्यानं हात कनाला लावला? काय गरज व्हती?"

मी म्हटलं, "तुम्ही म्हणालात म्हणून, आजी. हाताने करा म्हणून."

"मी बोलले," त्या म्हणाल्या. घोट घेतला. "मी अडानी बाय. माना काय कलतं? मी बोलनारच. पन त्याला कलत व्हतं ना? बोलायचं ना, 'रखमे, यो चांगला हाय, याला हात नको.' मी काय रागावले असते? मी भाकर फुगली की तिला परत हात लावतंय का?"

अक्षदा रडायला लागली, तर तिलाच म्हणाल्या, "रडतंस कनाला? जेवून घे. पापड हायेत."

मग उठल्या. मला वाटलं घरी निघाल्या. त्या परत हॉलमध्ये गेल्या. सर स्टेजखाली लोकांच्या गराड्यात होते, खांद्यावर शाल. रखमाबाई गर्दीतून वाट काढत त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. सरांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तो पालथा केला, उलथा केला, अंगठ्याने तळवा दाबून बघितला. त्यांच्या स्वतःच्या बोटांवर तव्याचे जुने डाग, कातडी खरबरीत, चिरा पडलेली. सरांचा तळवा गुलाबी.

"मऊ हाय," त्या म्हणाल्या, आणि हात सोडून दिला.

दाराकडे चालायला लागल्या. मागून सरांचा आवाज आला, गराड्यातल्या लोकांना सांगत होते, "बघितलंत? आशीर्वाद देऊन गेल्या. हे मशीनला कधी मिळणार?"

मृणाल नंतर केबिनमध्ये जाऊन त्यांच्याशी भांडली. ते म्हणाले, "ती जिवंत आहे ना? मग?" आजही केबिनबाहेर लोक पाया पडायला उभे असतात, आणि भिंतीवर तो लाडू भरवतानाचा फोटो मोठा करून लावलाय. खाली लिहिलंय, 'मानवी स्पर्श'. मी रोज त्याच्याखालून जाते. बुवा म्हणतात, कुणाचा तिरस्कार करू नये, त्याच्यातही देव आहे. असेल. पण त्या फोटोत तो फार कोपऱ्यात कुठेतरी, बहुतेक लाडवामागे झाकला गेलाय.

रखमाबाई आहेत अजून. बाळकुमला टॉवरांच्या मागच्या गल्लीत गेलात तर सकाळी थापण्याचा आवाज येतो. रविवारी फोनवर फोन, अक्षदा ऑर्डर घेते. बाई तव्यापुढे बसतात, शेजारी पाण्याची बाटली. भाकरी फुगते, त्या उतरवतात, फडक्यात गुंडाळतात, पुढची घेतात. स्वतः पेज पितात, गाळलेली. गेल्या खेपेला मी गेले तेव्हा माझ्या ताटात गरम भाकरी वाढली, वर सुकटीचं कालवण घातलं, आणि मी पहिला घास चावला तसा माझ्या जबड्याकडे बघत बसल्या. हेवा नव्हता त्यात, दुःखही म्हणता येणार नाही. दुसऱ्याच्या घरातला दिवा आपण रस्त्यावरून बघतो ना, तसं काहीतरी.

"चांगली झाली का गो?" त्यांनी विचारलं. चवीची परीक्षा आता त्यांना दुसऱ्याच्या तोंडाने करावी लागते.

तर मंडळी, झाली गोष्ट. आता उठाल, घरी जाल, ताटावर बसाल. समोर गरम भाकरी येईल, कालवणाचा वास येईल आणि तुमच्या तोंडाला पाणी सुटेल. त्याच्याकडे कधी लक्ष गेलं नसेल तुमचं. आज जाऊ द्या. तो घास घेण्याआधी बाळकुमच्या रखमाबाईंची एकदा आठवण काढा.